आधी सावली ठरवा, मग दिवा लावा

थ्रीडी शिकणाऱ्या नवख्यांची एक तक्रार ठरलेली असते. मॉडेल मनासारखं झालं, मटेरियलवर मेहनत घेतली, तरी रेंडर खोटं दिसतं. चित्र अंधारं आहे असं वाटून मग एक दिवा वाढवला जातो, तो पुरला नाही म्हणून दुसरा, कोपरा उरला म्हणून तिसरा. अंधार जातो, पण त्यासोबत भिंतीची जाडी, खांबाची गोलाई आणि फरशीवरच्या भांड्याचं वजनही जातं. सगळं सारखंच उजळ आणि सारखंच सपाट.

गडबड दिव्यांच्या संख्येत नसते, निवडीत असते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये 'ॲड' मेनूतून 'लाइट' उघडलं की पॉइंट, सन, स्पॉट आणि एरिया असे चार पर्याय समोर येतात. शिवाय आभाळाचा प्रकाश आणि स्वतः उजळणाऱ्या वस्तू वेगळ्याच. यातलं काय निवडायचं हे उजेडाकडे बघून कळत नाही, कारण उजेड सगळेच देतात. फरक दिसतो तो सावलीत. म्हणून दिवा ठेवण्याआधी एवढंच ठरवायचं, की इथे सावली कशी पडायला हवी.

त्यासाठी स्वतःला तीन प्रश्न विचारा. किरण कुठून येतायत: एका ठिकाणाहून फाकत, समांतर, की चोहोबाजूंनी? वस्तूच्या जागेवरून पाहिलं तर प्रकाशाचा उगम केवढा दिसतो? आणि अंतर वाढलं की उजेड किती घटतो? पहिल्या प्रश्नाने सावलीची दिशा ठरते, दुसऱ्याने तिची कड आणि तिसऱ्याने तिच्याभोवतीच्या उजेडाचा उतार. प्रकाशाचे सगळे प्रकार या तीन उत्तरांच्या वेगवेगळ्या जुळण्या आहेत.

सरावासाठी एक खोली

हे नुसतं वाचून हाताला लागत नाही, म्हणून एक खोली घेऊ. जुन्या घरातलं माजघर: चार मीटर रुंद, पाच मीटर लांब. पाच मीटरच्या एका टोकाला पश्चिमेची खिडकी, तिला उभे गज. खिडकीचा खालचा कठडा जमिनीपासून एक मीटरवर, वरची कड दोन मीटरवर. एका भिंतीत देवघर, त्यात समई. छताजवळ ट्यूबलाइट. कोपऱ्यात टीव्ही.

कामाला लागण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, मोजमाप खरं ठेवा. चार मीटरची खोली चारशे मीटरची बनवून ठेवली, तर सगळी अंतरं १०० पट होतात आणि तेवढाच उजेड मिळवायला दिव्याचे वॅट १०,००० पट करावे लागतात. 'माझ्या सीनमध्ये दिवा लागतच नाही' या प्रश्नाचं उत्तर अनेकदा इथेच सापडतं. दुसरी, सगळ्या वस्तूंना एकच फिकट राखाडी मटेरियल लावा. रंग आणि टेक्स्चर चुकीचा प्रकाश झाकून टाकतात. राखाडी खोलीत तो उघडा पडतो.

सन: जागा नव्हे, कोन महत्त्वाचा

सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्यामुळे खोलीत येईपर्यंत त्याचे किरण जवळपास समांतर असतात आणि खिडकीपाशी व समोरच्या भिंतीपाशी त्यांच्या जोरात फरक पडत नाही. म्हणून ब्लेंडरमधला सन कुठेही उचलून ठेवा, चित्र बदलत नाही. बदलतं ते त्याला फिरवल्यावर. फिरवलेला नसताना तो सरळ खाली पाहतो, म्हणजे भर माथ्यावरचा सूर्य. त्याला ७५ अंश कलवलं की सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर आला.

आता आपल्या खोलीचा हिशेब बघा. १५ अंशांवरचं ऊन एक मीटर उंचीच्या कठड्यावरून आत आलं, तर ते खिडकीपासून साधारण ३.७ मीटरवर फरशीला टेकतं. खिडकीच्या वरच्या कडेवरून येणारं ऊन फरशीवर पोचायच्या आधीच समोरच्या भिंतीला लागतं. म्हणजे उन्हाचा पट्टा फरशीच्या शेवटच्या भागातून सुरू होऊन भिंतीवर चढतो. सूर्य ४५ अंशांवर असेल तर तोच पट्टा खिडकीपासून एक ते दोन मीटरच्या दरम्यान फरशीवर पडतो. प्रेक्षकाला घड्याळ दाखवायची गरज उरत नाही, पट्ट्याच्या जागेवरून वेळ कळते.

बहुतेकजण दुर्लक्ष करतात ती सेटिंग म्हणजे सनचा 'अँगल'. आकाशात सूर्य साधारण अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो, नेमकं सांगायचं तर ०.५३ अंशाच्या आसपास. या रुंदीमुळेच उन्हातली सावली जवळ धारदार आणि लांब गेल्यावर धूसर होते. वस्तूपासून दहा सेंटिमीटरवर सावलीच्या कडेचा धूसर पट्टा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, तीन मीटरवर तो सुमारे २.८ सेंटिमीटरचा होतो. खिडकीचा गज दीड सेंटिमीटर जाड असेल, तर तीन मीटरवर त्याची काळी कुळकुळीत सावली पडणारच नाही, मऊ राखाडी पट्टाच पडेल. अँगल शून्य ठेवला तर गजांच्या सावल्या शेवटपर्यंत पातीसारख्या तीक्ष्ण राहतात आणि चित्र कृत्रिम वाटायला लागतं. विरळ ढगांतून आलेलं ऊन हवं असेल तर हाच अँगल दोन-चार अंशांपर्यंत वाढवा.

सनची तीव्रता दर चौरस मीटरला किती वॅट, अशी मोजतात. स्वच्छ दुपारी जमिनीवर पडणारं ऊन दर चौरस मीटरला १,००० वॅटच्या घरात असतं. तोच आकडा घातला तर एक्स्पोजर बरंच खाली आणावं लागतं, नाहीतर चित्र पांढरंफटक होतं. सरावासाठी ३ ते ५ पासून सुरुवात करा.

आभाळ: दुसरा, विसरला जाणारा दिवा

नुसता सन लावलात तर उन्हाचा पट्टा झगझगेल आणि बाकीची खोली फक्त त्याच्या परावर्तनावर जगेल. खऱ्या घरात तसं होत नाही, कारण खिडकीतून आभाळही दिसत असतं. आभाळ चोहोबाजूंनी प्रकाश देतं, त्यामुळे त्याची सावली कडा नसलेली असते. फरशीवरच्या तांब्याभोवती, पाटाखाली, भिंतीच्या सांध्यात हलका अंधार साचतो. वस्तू जमिनीला टेकलेली दिसते ती याच सावलीमुळे. मॉडेल हवेत तरंगतंय असं वाटलं की आधी आभाळाचा प्रकाश तपासा.

आभाळ लावायच्या तीन रीती आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे 'वर्ल्ड'ला एकच सपाट रंग देणं. उघड्या जागेत ती पटकन कामाला येते, पण दिशा नसल्यामुळे चित्र पचपचीत होतं. दुसरी रीत स्काय टेक्स्चरची. त्यात सूर्याची उंची दिली की आभाळाचे रंग गणिताने ठरतात. तिसरी एचडीआरआय, म्हणजे एखाद्या जागेच्या चारी बाजूंचं, प्रकाशाचे खरे आकडे साठवलेलं छायाचित्र. छायाचित्रातल्या खऱ्या प्रकाशाने खोट्या वस्तू उजळवण्याची ही रीत पॉल डेबेवेक यांनी १९९८ मध्ये सिग्राफ परिषदेत मांडली आणि चित्रपटांच्या व्हीएफएक्समध्ये ती रुळली. साध्या जेपीईजीने हे काम होत नाही. त्यात दर रंगाच्या २५६च पायऱ्या असतात, आणि सूर्य तर निळ्या आभाळापेक्षा लाखाहून अधिक पटींनी तेजस्वी. जेपीईजीमध्ये सूर्य आणि पांढरा ढग दोघंही एकाच पांढऱ्यावर येऊन थांबतात, त्यामुळे सावली पडतच नाही. म्हणून फाइल .एचडीआर किंवा .ईएक्सआर प्रकारचीच घ्या. पॉली हेवन या संकेतस्थळावर अशा फाइली मोफत आणि कुठल्याही वापराला मोकळ्या मिळतात.

दोन सावधगिऱ्या. एचडीआरआयमध्ये किंवा स्काय टेक्स्चरच्या 'सन डिस्क'मध्ये सूर्य आधीच असेल आणि तुम्ही वेगळा सनही लावलात, तर घरावर दोन सूर्य उगवतात. गजांच्या दोन दिशांना पडलेल्या सावल्या हे त्याचं लक्षण. एकच ठेवा. काही एचडीआरआयमध्ये सूर्याचं तेज पूर्ण पकडलेलं नसतं आणि सावल्या मिळमिळीत पडतात. तिथे मात्र सन लावावाच, पण छायाचित्रातल्या सूर्याच्या दिशेशी तंतोतंत जुळवून.

दुसरी गोष्ट अक्षांशाची. मोफत मिळणाऱ्या एचडीआरआय मोठ्या संख्येने युरोपात टिपलेल्या असतात. २१ डिसेंबरच्या दुपारी लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून सुमारे १५ अंशच वर येतो, त्याच दिवशी दुपारी पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. आणि पुण्यात मेच्या मध्यात व जुलैच्या अखेरीस तर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. नाशिक-कोल्हापूरकडच्या घराचं दुपारचं चित्र करताना लांब तिरप्या सावल्या पडल्या, तर कारण सांगता येणार नाही, पण बघणाऱ्याला ते आपलं घर वाटणार नाही. गिऱ्हाईक वास्तुरचनाकार असेल तर तो कारणही सांगेल.

पॉइंट: समईची ज्योत आणि उघडा बल्ब

पॉइंट लाइट एका ठिकाणाहून सगळ्या दिशांना प्रकाश फेकतो. सावल्या त्याच्यापासून बाहेरच्या बाजूला फाकतात आणि वस्तू दिव्याच्या जितकी जवळ तितकी तिची सावली मोठी होते. देवघरातल्या छोट्या मूर्तीमागे भलीमोठी सावली उभी राहते ती यामुळे.

अंतरासोबतची घट इथे सगळ्यात जास्त जाणवते. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश, तिप्पट झालं की एक नवमांश. हा व्यस्त वर्गाचा नियम योहान लॅम्बर्ट यांनी १७६० च्या आपल्या प्रकाशमापनावरच्या ग्रंथात पद्धतशीर मांडला. ज्योतीपासून ३० सेंटिमीटरवरच्या मूर्तीवर जेवढा उजेड पडतो, त्याचा शंभरावा भागच तीन मीटरवरच्या भिंतीला मिळतो. जुन्या ओपनजीएलमध्ये ही घट कमी-जास्त करायला वेगळे आकडे देता येत, कारण खरी घट तेव्हाच्या पडद्यांवर फार तीव्र दिसे. आजच्या रेंडररमध्ये ती तशीच राहू द्या. भिंत उजळण्यासाठी समईचे वॅट वाढवले तर मूर्ती करपते. अशा वेळी एक्स्पोजर वाढवायचं, दिवा नाही.

पॉइंटला 'रेडियस' द्यायला विसरू नका. बल्बसाठी तीन सेंटिमीटर, ज्योतीसाठी अर्धा ते एक सेंटिमीटर. समई जवळून दिसणार असेल तर पाच वातींसाठी पाच पॉइंट लावा. एकमेकांवर चढलेल्या पाच फिक्या सावल्यांत समईचा सगळा जीव असतो. ती खोलीच्या टोकाला दिसत असेल तर थोड्या मोठ्या रेडियसचा एकच पॉइंट पुरतो. ज्योतीचा रंग साधारण १,९०० केल्विनचा, पिवळ्या बल्बचा २,७०० ते ३,०००, दिवसाच्या उजेडाचा ५,५०० ते ६,५००. ब्लॅकबॉडी नोडमध्ये हा आकडा दिला की रंग अंदाजाने शोधावा लागत नाही.

इथे वॅटचा घोळ समजून घ्यायला हवा. ब्लेंडरमधला वॅट हा वीजबिलातला वॅट नव्हे, तो बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा आहे. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ८०० ल्यूमेन देई. त्यात डोळ्याला दिसणारा प्रकाश जेमतेम दोन-तीन वॅटचा, बाकी सगळी उष्णता. म्हणून दिव्याचा आकडा डब्यावरून उतरवण्यापेक्षा दिव्यांमधलं प्रमाण खरं ठेवा. एका मेणबत्तीचा एकूण प्रकाश सुमारे १२ ल्यूमेन. म्हणजे एक बल्ब जवळपास ६५ मेणबत्त्यांएवढा, आणि २,००० ल्यूमेनची एलईडी ट्यूब पाच वातींच्या समईपेक्षा तीसएक पट. ट्यूब चालू असताना समई दिसेल, पण खोली उजळवणार नाही. एका चित्रात दोन्हींना प्रमुख भूमिका देऊ पाहाल तर एक खोटी ठरेल.

स्पॉट: झोत आणि त्याची कड

स्पॉट म्हणजे शंकूत कोंडलेला पॉइंट. शंकूचा कोन आणि त्याच्या कडेचा मऊपणा, म्हणजे 'ब्लेंड', या दोन त्याच्या खास सेटिंग. १९८३ मध्ये जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातल्या डेव्हिड वॉर्न यांनी छायाचित्रकारांच्या स्टुडिओतले दिवे समोर ठेवून असा झोत आणि त्याला आडवे धरायचे पडदे संगणकी चित्रांत आणले. हेतू साधा होता: मोटारीच्या पत्र्यावर प्रकाश हवा तिथेच पडावा. आजही स्पॉटचं काम तेच आहे. टॉर्च, रंगमंचावरचा झोत, छतातले डाउनलाइट, दुकानातल्या कपाटातले दिवे.

ब्लेंडरमध्ये शंकू अरुंद केला की प्रकाश एकवटून वाढत नाही, बाजूचा फक्त कापला जातो. खऱ्या टॉर्चमध्ये परावर्तक असतो, तो बाजूचा प्रकाशही पुढे ढकलतो. तसा जोर हवा असेल तर कोन कमी केल्यावर वॅट आपण वाढवायचे. ब्लेंड शून्य ठेवला तर झोताची कड कागद कापल्यासारखी येते. रंगमंचावर ते चालेल, घरात नाही.

घराच्या आतल्या सजावटीची चित्रं करणाऱ्यांनी आयईएस फाइलींशी ओळख करून घ्यावी. दिव्याच्या कोणत्या दिशेला किती प्रकाश जातो याची मोजणी या फाइलींत असते. अमेरिकेतल्या इल्युमिनेटिंग इंजिनिअरिंग सोसायटीने हा नमुना १९८६ मध्ये ठरवला आणि दिव्यांचे बरेच उत्पादक आपल्या दिव्यांच्या फाइली स्वतःच देतात. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये आयईएस टेक्स्चर नोडला ही फाइल जोडली की भिंतीवर त्या दिव्याची स्वतःची कमान उमटते. गिऱ्हाइकाने निवडलेला दिवाच चित्रात लावता येतो.

एरिया: खिडकी आणि ट्यूबलाइट

एरिया लाइट हा रुंदी असलेला प्रकाश. चौरस, आयत, वर्तुळ किंवा लंबवर्तुळ. सावलीची मऊ कड रेंडरमध्ये आणायची गणिती वाट १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लॉरेन कार्पेंटर यांनी दाखवली: दिव्याच्या वेगवेगळ्या बिंदूंकडे किरण पाठवायचे आणि त्यातले किती अडतात ते बघायचं. सायकल्ससारखा आजचा पाथ ट्रेसर हेच करतो, म्हणून मोठा दिवा म्हणजे मऊ सावली आणि सॅम्पल कमी पडले तर दाणेदार सावली.

मऊपणा नुसत्या दिव्याच्या आकारावर नाही, वस्तूच्या जागेवरून तो केवढा दिसतो त्यावर ठरतो. एक मीटरचा दिवा एक मीटरवर असेल तर सावली मऊ, दहा मीटरवर नेला तर कडक. आणि ब्लेंडरमध्ये दिवा मोठा केल्याने एकूण प्रकाश वाढत नाही, कारण वॅट एकूण प्रकाशाचे असतात. ते मोठ्या पृष्ठावर पसरतात एवढंच.

ट्यूबसाठी १.२ मीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद आयत घ्या. तिची सावली दोन स्वभावांची असते. घरात ट्यूबखाली टेबलावर पेन धरून बघा. पेन ट्यूबला समांतर असेल तर सावलीच्या कडा बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात, तेच पेन आडवं फिरवलं की सावली पसरून जवळपास विरते. ट्यूबच्या जागी पॉइंट किंवा चौरस एरिया लावणाऱ्यांना ही गंमत मिळत नाही, आणि भारतीय घराच्या रात्रीच्या चित्रात नेमकी तीच हवी असते.

खिडकीतून येणाऱ्या आभाळाच्या प्रकाशासाठीही एरिया दोन प्रकारे कामी येतो. एक, खिडकीएवढा एरिया लाइट खिडकीबाहेर, आत तोंड करून लावायचा. चित्र लवकर होतं, मात्र बाहेरचं आभाळ आणि आतला उजेड यांचं नातं आपण जुळवावं लागतं. दुसरा, सायकल्समध्ये त्याच जागी एरिया लावून 'पोर्टल' हा पर्याय निवडायचा. तेव्हा तो स्वतः प्रकाश देत नाही, फक्त रेंडररला सांगतो की आभाळ इथून आत येतं. छोट्या खिडकीच्या अंधाऱ्या खोलीत दाणे कमी करायला याचा चांगला उपयोग होतो. एरिया एकाच बाजूने प्रकाश देतो हे लक्षात ठेवा. काहीच उजळत नसेल तर बहुधा त्याचं तोंड उलटं आहे.

स्वतः उजळणाऱ्या वस्तू

टीव्हीचा पडदा, निऑनची पाटी, दिवाळीतल्या माळा. यांना एमिशन मटेरियल देता येतं. सायकल्समध्ये अशी वस्तू खरोखर आजूबाजूला प्रकाश देते आणि टीव्हीवरच्या चित्राचा रंग समोरच्या भिंतीवर पडतो. ब्लेंडरच्या ईव्ही या वेगवान इंजिनात मात्र तिच्या एकटीवर विसंबू नका. जुन्या ईव्हीत ती दिसायला उजळ असायची पण शेजारी काही पाडायची नाही, आणि नव्यातही कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरची चमक सहसा निसटते. मधला मार्ग सोपा आहे: दिसण्यासाठी एमिशन आणि उजळवण्यासाठी तिच्याच पुढ्यात, तेवढ्याच मापाचा एरिया लाइट.

खूप छोट्या पण अतिशय तेजस्वी वस्तू दाण्यांचं मूळ असतात, कारण भरकटलेल्या किरणांपैकी मोजकेच त्यांना सापडतात. बल्बची काचही अशीच त्रास देते. पॉइंट काचेच्या आत ठेवला तर त्याचा प्रकाश काचेतून वाकून बाहेर पडतो, आणि ते हिशेब पाथ ट्रेसरला जड जातात. बल्बच्या काचेची सावली 'रे व्हिजिबिलिटी'मधून बंद करा. चित्रात फरक कळत नाही, रेंडरच्या वेळेत कळतो.

परावर्तन हाही दिवाच

यादीत नसलेला एक उगम भिंती आणि फरशीचा. १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सिंडी गोरल, केनेथ टॉरन्स, डोनाल्ड ग्रीनबर्ग आणि बेनेट बटेल यांनी रेडिओसिटीची पद्धत मांडली आणि रंगीत भिंतींच्या एका साध्या खोक्यात एका भिंतीचा रंग दुसरीवर कसा सांडतो ते दाखवलं. ते कॉर्नेल खोकं आजही नवे रेंडरर तपासायला वापरतात. आपल्या माजघरात तांबडी फरशी असेल तर उन्हाचा पट्टा तिच्यावर पडून छताला लालसर झाक येईल. सायकल्समध्ये डिफ्यूज बाउन्स एक-दोन ठेवले तर हा प्रकाश अर्ध्यातच तुटतो आणि खोली विनाकारण अंधारते. लोक मग तिथेच जादा दिवा लावतात. आधी बाउन्स चार-सहा करून बघा.

कामाचा क्रम

आता सगळं एकत्र आणू. संध्याकाळी साडेपाचच्या उन्हाचं चित्र करायचं असेल तर सगळे दिवे बंद करून आधी फक्त आभाळ लावा आणि खिडकीत पोर्टल ठेवा. या एकाच प्रकाशात वस्तू जमिनीला टेकल्या की पुढे जा. मग सन, १५ अंशांवर, अँगल ०.५३. गजांच्या सावल्या समोरच्या भिंतीपर्यंत हळूहळू मऊ होत जाताहेत ना ते बघा. या वेळी समई आणि ट्यूब लावल्या तरी त्यांचा परिणाम नगण्य राहू द्या. भर दुपारी बाहेर लाखभर लक्स ऊन असतं, ट्यूबच्या खोलीत फार तर दोन-तीनशे लक्स असतात. कलतं ऊनही ट्यूबला सहज मागे टाकतं.

दिवेलागणीचं चित्र वेगळं. सूर्य मावळताना उघड्यावर काहीशे लक्स असतात आणि पुढच्या पाऊण-एक घटिकेत ते एक आकडी होतात. या मधल्या काही मिनिटांतच खिडकीतलं निळं आभाळ आणि आतला दिवा एकमेकांना दबवत नाहीत. म्हणून सन बंद, आभाळ मंद आणि निळसर, मग ट्यूब किंवा समई यातलं एकच. समई निवडलीत तर एक्स्पोजर दोन-तीन स्टॉप वर न्या. वॅटला हात लावू नका.

सायकल्समध्ये दिव्यांना लाइट ग्रुप देऊन ठेवले तर आभाळ, सन आणि समई रेंडरनंतर वेगवेगळे मिळतात आणि कंपोझिटरमध्ये त्यांचा तोल पुन्हा साधता येतो. पुन्हा रेंडर करायचा वेळ वाचतो.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये

नावं थोडी बदलतात, प्रश्न तेच राहतात. ब्लेंडरचा सन म्हणजे युनिटी, अनरियल आणि थ्री डॉट जेएसमधला डिरेक्शनल लाइट. अनरियलमध्ये एरियाला रेक्ट लाइट म्हणतात आणि आभाळाला स्काय लाइट. सूर्याची तीव्रता तिथे लक्समध्ये देतात. युनिटीच्या बिल्ट-इन आणि यूआरपी या पद्धतींत एरिया लाइट फक्त बेक करून वापरता येतो, खेळ चालू असताना हलवता येत नाही. थ्री डॉट जेएसमध्ये रेक्ट एरिया लाइट सावली पाडतच नाही, आणि ॲम्बियंट व हेमिस्फिअर लाइटही नाही. वेबसाठी काम करणाऱ्याने टेबलाखालची सावली हवी असेल तर ती टेक्स्चरमध्ये बेक करावी किंवा डिरेक्शनल आणि स्पॉटवर भागवावं.

शेवटी रोजच्या कामाचा एक नियम. रेंडर पाठवण्यापूर्वी प्रत्येक दिवा एकेकदा बंद करून चित्र बघा. दिवा गेल्यावर कुठली सावली हरवली हे नेमकं बोट ठेवून सांगता आलं, तर तो दिवा ठेवा. नुसतं 'जरा अंधार झाला' एवढंच म्हणता आलं, तर तो काढून टाका आणि एक्स्पोजर वाढवा.